पाण्याच्या वेगाने वाकणारी पट्टी: तापमानाला प्रतिसाद देणाऱ्या जेलच्या प्रकल्प नोंदी

१२ जानेवारी

उद्दिष्ट: पाण्यात बुडवलेली आणि ठरावीक तापमानाला आपोआप मिटणारी चार बोटांची पकड. मोटर नाही, वायर नाही, हवेची नळी नाही. हालचाल जेलनेच करायची.

नमुना पाइनच्या शंकूचा घेतला. शंकूचा खवला मेलेल्या पेशींचा असतो, तरी ओला झाला की मिटतो आणि वाळला की उघडतो. कारण त्यात दोन थर असतात. बाहेरच्या थरातल्या पेशींच्या भिंतींत सेल्युलोजचे सूक्ष्म धागे पेशीभोवती आडवे गुंडाळलेले असतात, म्हणून ओलाव्याने तो थर लांबीत वाढतो. आतल्या थरात हेच धागे बरेचसे उभे असतात आणि ते लांबी वाढू देत नाहीत. डॉसन, व्हिन्सेंट आणि रोका यांनी १९९७ मध्ये ‘नेचर’मध्ये हे दाखवलं. एक थर बदलतो आणि दुसरा त्याला अडवतो, एवढ्यावर सगळं वाकणं होतं.

आपल्या पट्टीत बदलणारा थर पॉली-एन-आयसोप्रोपिल ॲक्रिलामाइडचा (पुढे ‘पीनायपॅम’, आणि त्याचा मोनोमर, म्हणजे ज्या सुट्या रेणूंची साखळी जुळून तो बनतो तो, ‘नायपॅम’). हे जेल साधारण ३२ °से.च्या खाली पाणी धरून फुगलेलं असतं आणि त्याच्या वर पाणी सोडून आकसतं. अडवणारा थर साध्या पॉलीॲक्रिलामाइडचा, त्याला या तापमानाचं काही वाटत नाही. ही जोडी नवी नाही. झिबिंग हू आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये याच दोन पदार्थांची वाकणारी पट्टी करून दाखवली होती. रसायन माहितीतलं आहे, म्हणून सगळं लक्ष जाडी, जोड आणि वेग या तीन गोष्टींवर देता येईल.

१५ जानेवारी

साचा करण्याआधी हिशोब.

दोन थरांच्या पट्टीचं वाकणं टिमोशेन्कोच्या १९२५ च्या सूत्राने काढता येतं. दोन्ही थर सारख्या जाडीचे आणि सारख्या कडकपणाचे धरले तर सूत्र फार सोपं होतं: वक्रतेची त्रिज्या = २ × एकूण जाडी ÷ (३ × लांबीतल्या बदलाचा फरक).

पट्टीची एकूण जाडी १ मि.मी. धरली. पीनायपॅम पूर्ण आकसलं की प्रत्यक्ष उपयोगाचा फरक ०.३ (लांबीच्या ३० टक्के) धरायला हरकत नाही. त्रिज्या येते २.२ मि.मी. म्हणजे ३० मि.मी.ची पट्टी दोन वेढे गुंडाळली जाईल. पकडीला एवढं नकोच आहे. २० मि.मी. लांब बोट पाव वर्तुळात वाकलं की पुरे. त्यासाठी त्रिज्या १२.७ मि.मी. आणि लांबीतला फरक फक्त ०.०५. जेल जेवढं आकसू शकतं त्याच्या सहाव्या भागातच काम होतं. ही गोष्ट वेगाच्या दृष्टीने फार मोलाची आहे.

वेग पाण्याच्या हाती आहे. जेलच्या जाळ्यातून पाणी बाहेर पडण्याचा विसरण-गुणांक (पसरण्याच्या वेगाचं माप) अशा जेलमध्ये सेकंदाला साधारण ३ × १०⁻¹¹ चौ. मीटर धरला. ०.५ मि.मी.चा थर एकाच बाजूने पाणी सोडत असेल तर जाडीचा वर्ग भागिले हा गुणांक, म्हणजे ८३०० सेकंद, जवळजवळ सव्वादोन तास. हा पूर्ण आकसण्याचा वेळ. सुरुवातीचं आकसणं मात्र वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात होतं, त्यामुळे पहिला सहावा भाग फार लवकर उरकतो. गणिताने तो सुमारे ३ मिनिटांत व्हायला हवा.

१९ जानेवारी

साचे. ७५ × ५० मि.मी.च्या काचा, मध्ये सिलिकॉन शीटची ०.५ मि.मी. जाड चौकट, बाजूंना कागदाच्या मोठ्या क्लिपा. वरच्या काचेच्या आतल्या अंगाला पारदर्शक पॉलिएस्टर फिल्म चिकटवली, म्हणजे काच उचलताना जेल सोबत उचकटून येत नाही. चौकटीतली मोकळी जागा ६० × ४० मि.मी., म्हणजे एका थराला १.२ मि.ली. द्रावण लागतं. बुडबुडे काढण्यासाठी जास्तीचं हाताशी हवं, म्हणून १० मि.ली. बनवायचं.

सिलिकॉनमध्ये हवा मुरलेली असते. त्यातला ऑक्सिजन पॉलिमर बनण्याची साखळी मध्येच तोडतो, म्हणून चौकटीला लागून असलेली जेलची कड नेहमी मऊ आणि चिकट राहते. साचे वापरण्याआधी व्हॅक्यूम डेसिकेटरमध्ये (हवा काढून घेतलेल्या बंद भांड्यात) तासभर ठेवायचे, आणि तरीही चारी कडांचे ३ मि.मी. कापून टाकायचे. कडेच्या मऊ पट्टीसकट बोट कापलं तर ते तिरकं वाकतं.

मोनोमर हाताळताना: ॲक्रिलामाइड मज्जासंस्थेला घातक आहे आणि कर्करोगकारक असण्याची शक्यता आहे. पावडर फ्यूम हूडमध्येच (हवा ओढून घेणाऱ्या कपाटात) मोजायची, नायट्राइल हातमोजे, आणि ते ओले झाले की लगेच बदलायचे. उरलेलं द्रावण सिंकमध्ये ओतायचं नाही. त्यात इनिशिएटर (साखळी जुळणं सुरू करणारं रसायन) घालून जेल करायचं आणि मग घन रासायनिक कचऱ्यात टाकायचं.

२२ जानेवारी

अडवणारा थर: ॲक्रिलामाइड १ ग्रॅम, क्रॉसलिंकर, म्हणजे साखळ्या एकमेकींना जोडणारा रेणू (मिथिलीन-बिस-ॲक्रिलामाइड, पुढे ‘बिस’) २० मि.ग्रॅ., शुद्ध पाणी १० मि.ली. नायट्रोजन २० मिनिटं बुडबुडवला. मग इनिशिएटर म्हणून १० टक्के अमोनियम परसल्फेट ५० मायक्रोलिटर, शेवटी त्याला वेग देणारं टेमेड २० मायक्रोलिटर. टेमेड पडलं की घड्याळ सुरू होतं, म्हणून सिरिंज आधीच हातात हवी. साच्याच्या एका कोपऱ्यातून हळूहळू भरायचं आणि विरुद्ध कोपरा वर धरायचा, म्हणजे हवा तिकडून निघून जाते.

थर बसल्यावर वरची काच काढली, ०.५ मि.मी.ची दुसरी चौकट पहिलीवर ठेवली आणि पीनायपॅमचं द्रावण भरलं: नायपॅम १ ग्रॅम, बिस २० मि.ग्रॅ., पाणी १० मि.ली., इनिशिएटर तेवढेच. नायपॅम आधी हेक्सेनमधून पुन्हा स्फटिक करून घेतलेलं असावं. त्यातलं साठवणुकीचं रोधक रसायन काढलं नाही तर जेल उशिरा आणि कमी जमतं.

भरलेला साचा सपाट ट्रेमध्ये बर्फावर ठेवला. पॉलिमर बनताना उष्णता निघते. द्रावण ३२ °से.च्या वर गेलं तर जाळं बनता बनताच आकसतं आणि जेल दुधाळ, गुठळ्यांचं, विसविशीत होतं. उरलेलं द्रावण बाटलीत तसंच ठेवलं तर हे डोळ्यांनी दिसतं: बाटलीच्या मध्यभागी पांढरा ढग तयार होतो. अर्ध्या मिलिमीटरच्या थरात काच उष्णता शोषून घेते, त्यामुळे बर्फ असला की भीती नाही.

एक बारीक पण निर्णायक गोष्ट. दुसरं द्रावण भरण्याआधी खालच्या जेलवरचं पाणी गाळण-कागदाने टिपून घ्यायचं. पृष्ठभागावर चमक दिसते तोवर पाण्याचा पापुद्रा आहे, आणि तो नायपॅमला नेमका जोडाच्या जागी पातळ करतो. न टिपलेल्या तुकड्यात दोन थर नखाने सुटे झाले. टिपलेल्या तुकड्यात जेल फाटलं पण जोड सुटला नाही.

२६ जानेवारी

पट्ट्या साच्यातून काढल्या काढल्या, फुगण्याआधीच कापल्या. फुगलेलं जेल ब्लेडखाली कडकन तडकतं. ३० × ५ मि.मी., नवं ब्लेड, वरून सरळ खाली दाबायचं, ओढायचं नाही. मग २० °से. पाण्यात दोन दिवस, पाणी अनेकदा बदलून. याने न जुळलेला मोनोमर निघून जातो आणि दोन्ही थर आपापल्या मुक्कामापर्यंत फुगतात.

चाचणी निराशाजनक. ४० °से.ला तासभर ठेवूनही त्रिज्या २५ मि.मी.च्या आत आली नाही. पीनायपॅमचा थर पांढरा झाला, म्हणजे तो आकसतोय. पण अडवणारा थरही अर्धवट दुधाळ दिसतोय, आणि कारण तिथेच आहे.

बर्फावर ही कृती जमायला पंधरा-वीस मिनिटं घेते. तेवढ्या वेळात नायपॅमचे लहान रेणू खालच्या जेलमध्ये उतरत राहतात. थंड जेलमध्ये त्यांचा विसरण-गुणांक सेकंदाला सुमारे २.५ × १०⁻¹⁰ चौ. मीटर धरला तर १० मिनिटांत ते ०.५५ मि.मी. खोल जातात, म्हणजे अख्ख्या थरातून आरपार. मग अडवणाऱ्या थरातही पीनायपॅमचं जाळं विणलं जातं आणि तोही आकसायला लागतो. दोघंही आकसले तर वाकणार कोण?

थोडं मुरणं मात्र हवंच. दोन जाळी एकमेकांत गुंतल्याशिवाय जोड टिकत नाही. लक्ष्य ठरवलं: मुरण्याची खोली ०.२ मि.मी. त्यासाठी जेल दीड मिनिटात जमायला हवं.

२ फेब्रुवारी

वरच्या थरासाठी परसल्फेट आणि टेमेड सोडून प्रकाशाने जमणारी कृती घेतली. प्रकाश-इनिशिएटर लॅप (एक लिथियम फॉस्फिनेट क्षार) १० मि.ग्रॅ. प्रति १० मि.ली. लॅप पाण्यात सहज विरघळतं आणि ४०५ नॅनोमीटरच्या जांभळ्या एलईडीला चांगला प्रतिसाद देतं. द्रावण तपकिरी बाटलीत, खोलीतले दिवे मंद. बाकी मापं तीच.

क्रम असा: द्रावण बर्फात थंड, नायट्रोजन २० मिनिटं, खालचा थर टिपून कोरडा, साचा बर्फावर, मग भरायचं आणि लगेच एलईडी. डोळ्यांना जांभळा प्रकाश गाळणारा चष्मा हवा. मिनिट-दीड मिनिटात थर जमतो. पूर्ण जुळण्यासाठी एकूण ५ मिनिटं प्रकाश द्यायचा.

भरणं आणि दिवा लावणं यांतला प्रत्येक सेकंद जोडाच्या खोलीत मोजला जातो. म्हणून दिवा आधीच जागेवर बसवून ठेवायचा आणि भरायला जाड सुई वापरायची. बारीक सुईने भरण्यातच मिनिट जातं.

५ फेब्रुवारी

नव्या पट्टीची चाचणी. मांडणी: सपाट काचेची टाकी, मागे मिलिमीटरचा आलेख-कागद, पट्टी एका टोकाला चिमट्यात उभी, थर्मामीटरचं टोक पट्टीपासून ५ मि.मी.वर. कॅमेरा काचेला बरोबर काटकोनात, नाहीतर पाण्यातल्या वक्रीभवनाने वक्रता खोटी येते. दर १० सेकंदांना एक फोटो, आणि मग इमेजजे या चित्र मोजण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये पट्टीच्या मधल्या रेषेवर वर्तुळ बसवायचं.

४० °से.ला पट्टी पीनायपॅमच्या बाजूला दीड वेढ्याहून थोडी जास्त गुंडाळली, त्रिज्या ३ मि.मी.च्या आसपास. गणितातले २.२ आले नाहीत ते साहजिक आहे. सूत्र लहान ताणांसाठी आहे, आणि मुरलेला ०.२ मि.मी.चा पट्टा धड या बाजूचा नाही, धड त्या बाजूचा नाही.

पाव वर्तुळाला ३६ °से.ला साधारण ४ मिनिटं लागली. अंदाज ३ चा होता.

इथे पुष्कळ जण तापमान वाढवून वेग वाढवू पाहतात. एकदम ५० °से.च्या पाण्यात टाकलेली पट्टी आधी झटक्यात वाकते आणि मग अडते. बाहेरची कातडी क्षणात आकसून घट्ट होते आणि आतलं पाणी तिच्यामागे कोंडतं. थोड्या वेळाने थरावर फोड दिसतात, ते हेच कोंडलेलं पाणी. ३४ ते ३६ °से. हा पट्टा सगळ्यात समजूतदार: आकसायला पुरेसं, पण कातडी बनायला अपुरं.

अजून एक. साधं पाणी तापवलं की त्यात विरलेली हवा सुटते आणि बुडबुडे पट्टीला चिकटतात. जेल इतकं हलकं असतं की २ मि.मी.चा बुडबुडासुद्धा पट्टी उचलून धरतो आणि आलेखात खोटं वाकणं दिसतं. टाकीचं पाणी आधी उकळून झाकून थंड करायचं.

९ फेब्रुवारी

मिठाची नोंद, थोडक्यात. पाण्यात सोडियम क्लोराइड वाढलं की आकसण्याचं तापमान खाली येतं, दर ०.१ मोलरमागे (लिटरला सुमारे ६ ग्रॅम) साधारण एक अंशाने. पट्टी वेगळ्या तापमानाला चालवायची असेल तर पाणी बदलून हे जमतं, पण समुद्राच्या पाण्यासाठी बोट करायचं असेल तर हे आधीच हिशोबात धरावं लागेल. उलट तापमान वर न्यायचं असेल तर नायपॅममध्येच थोडं ॲक्रिलामाइड मिसळायचं. प्रमाण वाढवत गेलं की आकसणंही ढिलं पडत जातं, त्यामुळे हात आखडता ठेवावा.

१३ फेब्रुवारी

पकड. दोन थरांच्या मोठ्या शीटमधून अधिक-चिन्हाचा आकार कापला: मध्यभाग ८ × ८ मि.मी., चार बोटं, प्रत्येक २० × ५ मि.मी. पीनायपॅम आतल्या अंगाला, म्हणजे तापल्यावर बोटं आत मिटतात. बोट आणि मध्यभाग जिथे मिळतात तो आतला कोपरा ब्लेडने काटकोनात कापायचा नाही. तिथे ताण एकवटतो आणि थर सुटायला सुरुवात नेमकी तिथूनच होते. आधी २ मि.मी.च्या गोल पंचने कोपऱ्यात भोक पाडायचं आणि मग त्या भोकांपर्यंत कापायचं.

आता जोर. फुगलेल्या जेलचा कडकपणा सुमारे १० किलोपास्कल धरला, रुंदी ५ मि.मी., जाडी १ मि.मी., लांबी २० मि.मी., वक्रता पाव वर्तुळाची. बोटाच्या टोकाशी मिळणारा जोर येतो जवळजवळ २५ मायक्रोन्यूटन, म्हणजे अडीच मिलिग्रॅम वजनाएवढा. हा आकडा वाचून दचकायला होतं, पण तो समोर ठेवूनच वस्तू निवडायची. ३ मि.मी.चा पॉलिस्टायरीनचा मणी पाण्यात फक्त ७ मायक्रोन्यूटन भरतो, कारण त्याची घनता पाण्याहून जेमतेम ५ टक्के जास्त आहे. तेवढ्याच आकाराचा काचेचा मणी २०० च्या वर जातो. पहिला उचलता येतो, दुसरा नाही.

शिवाय ओलं जेल अतिशय निसरडं असतं. बाजूंनी चिमटीत धरायला गेलं की मणी खाली सटकतो. बोटांची टोकं मण्याच्या खालून यायला हवीत, म्हणजे पकड पिंजऱ्यासारखी मिटायला हवी. त्यासाठी मध्यभाग मण्यापासून १२ मि.मी. वर टांगला. पाव वर्तुळात वाकलेलं बोट १२.७ मि.मी. खाली पोचतं, आणि त्याहून जास्त वाकत गेलं की टोकं आत, मण्याखाली येतात. पकड वर उचलताना टाकीतलं पाणी ढवळू द्यायचं नाही.

१८ फेब्रुवारी

संपूर्ण टाकी न तापवता एकच बोट हलवण्यासाठी प्रकाश. जेलमध्ये काळा पदार्थ घालून त्याला प्रकाशाने तापवायचं. द्रावणातच कार्बन मिसळला तर तो ४०५ नॅनोमीटरचा प्रकाश वरच्या वर पिऊन टाकतो आणि थराचा तळ कच्चा राहतो. म्हणून जेल आधी जमवायचं, धुवायचं आणि मग काळं करायचं: डोपामिन २ मि.ग्रॅ. प्रति मि.ली., १० मिलिमोलर ट्रिस (पीएच स्थिर ठेवणारं रसायन), पीएच ८.५, उघड्या भांड्यात, कारण या क्रियेला हवेतला ऑक्सिजन लागतो. काही तासांत पट्टी तपकिरी आणि रात्रभरात काळपट होते. मग स्वच्छ पाण्यात धुवायची.

८०८ नॅनोमीटरचा लेझर वापरला, त्या तरंगलांबीला पाणी फार शोषत नाही. हा किरण दिसत नाही आणि डोळा कायमचा निकामी करू शकतो. त्या तरंगलांबीचा चष्मा, बंद पेटी आणि टाकीमागे काळा मॅट पडदा यांशिवाय तो सुरूच करायचा नाही.

प्रकाश पडलेलं बोट एकटंच वाकतं, शेजारची स्थिर राहतात. हे सुंदर दिसतं. पण वेग तोच राहिला, आणि तसंच होणार होतं. उष्णता पाण्यातून सेकंदाला १.४ × १०⁻⁷ चौ. मीटर या दराने पसरते, म्हणजे अर्धा मिलिमीटर ओलांडायला दोनेक सेकंद. जेलमधलं पाणी याच्यापेक्षा साडेचार हजार पटींहून अधिक मंद आहे. तापवण्याची पद्धत बदलून जागा निवडता येते, वेळ वाचवता येत नाही. प्रकाशाने चालणारी जेलं ‘वेगवान’ म्हणून दाखवली जातात तेव्हा आधी त्यांची जाडी पाहावी.

२४ फेब्रुवारी

पाण्याची वाट आखूड करण्याचा पहिला मार्ग: छिद्रं. गोठवून जमवलेलं जेल. नायपॅमचं द्रावण बर्फात थंड केलं, परसल्फेट आणि टेमेड दोन्ही निम्मे घातले आणि साचा लगेच −१८ °से.ला २४ तास ठेवला. पाण्याचे स्फटिक होतात, उरलेल्या दाट द्रावणात जाळं जमतं, आणि बर्फ वितळला की स्फटिकांच्या जागी एकमेकांना जोडलेली पोकळी राहते. इनिशिएटर पूर्ण प्रमाणात घातला तर गोठण्याआधीच जेल जमतं आणि छिद्रं होतच नाहीत. ही कृती फसते ती बहुधा याच कारणाने.

मिळालेलं जेल पांढरं आणि स्पंजासारखं. वाकणं खरोखर जलद, कारण पाणी आता छिद्रांतून वाहत बाहेर पडतं, जाळ्यातून पाझरत बसत नाही. पण कडकपणा खूपच घटला. पाण्याबाहेर काढताच बोट स्वतःच्या वजनाने चपटं होतं, आणि मण्याखाली टोकं दबून जातात. वेग मिळाला, जोर गेला. पकडीसाठी हा मार्ग सोडला. फक्त हलायचं असेल आणि उचलायचं काही नसेल, उदाहरणार्थ झडपेचा पातळ पडदा, तर हाच उत्तम.

३ मार्च

पिळाची पट्टी. कांचनाची शेंग वाळली की तिचे दोन काप विरुद्ध दिशांना पिळत उघडतात. कापाच्या दोन थरांतले तंतू एकमेकांना काटकोनात आणि शेंगेच्या लांबीशी ४५ अंशात असतात. आर्मोन, एफ्राती, कुफरमन आणि शॅरोन यांचा २०११ चा शोधनिबंध याच भूमितीवर आहे.

जेलमध्ये हे दोऱ्यांनी केलं. चौकटीवर बारीक सुती दोरे समांतर ताणून, दर १ मि.मी.ला एक, साच्याच्या तळाशी लागतील असे बसवले आणि वरून ०.५ मि.मी. नायपॅमचं द्रावण भरून जमवलं. अडवणारा वेगळा थर नाही. दोरा आपल्या दिशेने लांबी बदलू देत नाही, आडव्या दिशेने मात्र जेल मोकळं राहतं. दोरे आधी पाण्यात उकळून घ्यायचे, नाहीतर त्यांत अडकलेली हवा जेलमध्ये माळेसारखे बुडबुडे सोडते.

एकाच शीटमधून तीन दिशांनी पट्ट्या कापल्या. दोरे लांबीच्या दिशेने असलेली पट्टी कमानीसारखी वाकते. दोरे आडवे असलेली लांबीत वाकत नाही, रुंदीत पन्हळ होते. ४५ अंशांची स्प्रिंगसारखी पिळते, आणि कोन दुसऱ्या बाजूला घेतला तर पीळ उलटा पडतो. रसायन तिन्हींत एकच. जोड सुटण्याचा प्रश्नही इथे राहत नाही, कारण जेल दोऱ्याच्या तंतूंत शिरून बसलेलं असतं.

१० मार्च

जोर आणि वेग यांचं त्रांगडं सोडवायला पुन्हा हिशोबाकडे.

वक्रता तीच हवी असेल तर पट्टीची जाडी निम्मी केल्यावर लांबीतला फरकही निम्माच लागतो. म्हणजे सहाव्या भागाऐवजी बाराव्या भागाएवढं आकसणं पुरतं. वेळ या भागाच्या वर्गाने घटतो, आणि थराच्या जाडीच्या वर्गाने पुन्हा घटतो. म्हणजे ठरलेल्या वक्रतेला पोचण्याचा वेळ जाडीच्या चौथ्या घातात बदलतो. जोर मात्र तिसऱ्या घातात. जाडी निम्मी: जोर आठव्या भागावर, वेळ सोळाव्या भागावर.

यातून थेट रचना निघते. १ मि.मी.च्या एका बोटाऐवजी ०.५ मि.मी.च्या आठ पट्ट्या, एकमेकींना न चिकटवता, टोकांना एकत्र धरलेल्या. एकूण जोर तेवढाच, वेळ गणिताने ३ मिनिटांवरून ११ सेकंदांवर. जेल चारपट लागतं, एवढीच किंमत. लाजाळूच्या पानाच्या बुडाशी जी फुगीर गाठ असते तिची मांडणी याच तर्काची आहे. तिथे एक मोठी पिशवी नसून असंख्य छोट्या पेशी आहेत, प्रत्येकीला पाणी टाकायला जवळच जागा आहे. पोटॅशियम आणि क्लोराइडचे आयन बाहेर जातात, पाणी मागोमाग जातं, आणि प्रत्येक पेशीला स्वतःच्या जाडीपुरतीच वाट असते.

अडचण अशी की बिसने जोडलेला ०.२५ मि.मी.चा थर चिमट्याने उचलतानाच फाटतो. म्हणून पीनायपॅमच्या थरात बिस काढून लॅपोनाइट एक्सएलजी (कृत्रिम चिकणमातीची बारीक पावडर) घातलं. हारागुची आणि ताकेहिसा यांनी २००२ मध्ये दाखवलेला हा मार्ग आहे: चिकणमातीच्या नॅनो-चकत्या स्वतःच जाळ्याच्या गाठी बनतात, आणि जेल तुटण्याआधी अनेकपट ताणलं जातं. प्रमाण: लॅपोनाइट ०.३ ग्रॅम, पाणी १० मि.ली., नायपॅम १ ग्रॅम, लॅप १० मि.ग्रॅ.

क्रम चुकवायचा नाही. थंड, शुद्ध पाणी जोरात ढवळत असताना पावडर चिमटी-चिमटीने भुरभुरायची. द्रव पूर्ण पारदर्शक होईपर्यंत थांबायचं, त्याला दोनेक तास लागतात. मग नायपॅम, आणि सगळ्यात शेवटी लॅप. क्षार आधी पडला, किंवा पाणी जड असलं, तर चकत्या एकमेकींना धरतात आणि भांड्यातच खळ तयार होते. ती पुन्हा सुटी होत नाही. मातीचं प्रमाण फार वाढवलं तर आकसणंच मंदावतं, म्हणून ३ टक्क्यांवर थांबलो.

१६ मार्च

आठ पट्ट्यांचं बोट. प्रत्येक पट्टी ०.२५ अधिक ०.२५ मि.मी. बुडाशी पट्ट्यांमध्ये ०.५ मि.मी. सिलिकॉनचे तुकडे ठेवून चिमटा लावला. टोकाशी सगळ्या एका सैल दोऱ्याच्या फासात, कारण वाकताना आतली आणि बाहेरची पट्टी एकमेकींवरून सरकायला हव्यात. टोकं घट्ट बांधली तर आठ पट्ट्या मिळून पुन्हा एक जाड पट्टी होते.

मधली ०.५ मि.मी.ची फट हाही रचनेचा भाग आहे. तुकडे न ठेवता केलेल्या बोटात पट्ट्या ओलाव्याने एकमेकींना चिकटल्या, मधल्या पट्ट्यांना पाणी टाकायला जागा उरली नाही, आणि वेळ जाड बोटाच्या जवळ गेला.

फटी ठेवलेलं बोट ३६ °से.ला पाव वर्तुळात अर्ध्या मिनिटाच्या आसपास पोचतं. गणितातल्या ११ सेकंदांपेक्षा हे जास्त आहे. फटींतलं पाणी स्थिर असतं आणि ते तापायलाच वेळ जातो. टाकीत मंद प्रवाह ठेवला की फरक लगेच दिसतो. ३ मि.मी.चा पॉलिस्टायरीनचा मणी चार बोटांत उचलला गेला आणि टाकी २५ °से.ला आल्यावर सुटला.

पुढच्या साच्यासाठी बदल: पट्टी ०.१५ अधिक ०.१५ मि.मी. मुरण्याची खोली ०.२ मि.मी. राहिली तर एवढा पातळ अडवणारा थर पूर्णच भेदला जाईल, म्हणून द्रावण भरल्यापासून १० सेकंदांत जेल जमायला हवं. लॅप दुप्पट करून आणि एलईडी निम्म्या अंतरावर आणून बघायचं. ते जमलं नाही तर अडवणारा थर जेलचा न ठेवता पातळ पॉलिएस्टर जाळीचा घ्यायचा. तिच्यात नायपॅम मुरतं ते फक्त भोकांतून, आणि जाळीचे धागे आकसत नाहीत.